खाडीतले सूत आणि समुद्रातले युरेनियम : प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर २०२३

एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींना वर्षभरासाठी जो विषय दिला आहे, त्याची वही आजपासून मी स्वतः लिहिणार आहे. कारण विद्यार्थ्यांच्या वहीत फक्त जमलेले प्रयोग उरतात आणि फसलेले प्रयोग परीक्षेपूर्वी कोरे होतात, असा माझा अनुभव आहे. विषय असा की, समुद्राच्या पाण्यात विरघळलेले युरेनियम तंतूंवर पकडता येते, हे आपल्या खाडीत, आपल्या हाताने करून पाहायचे आणि ते अणुइंधन म्हणून परवडण्यापासून किती दूर आहे, याचा हिशेब मांडायचा.

मूळ आकडा एकच आहे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३.३ मिलिग्रॅम युरेनियम असते. साबुदाण्याचा एक दाणाही याहून जड भरेल. मात्र समुद्र एवढा प्रचंड आहे की, सगळ्या महासागरांतील युरेनियमची बेरीज सुमारे ४५० कोटी टन होते आणि जगातील सगळ्या अणुभट्ट्यांची मिळून आजची वार्षिक गरज ६५ हजार टनांच्या आसपास आहे. या दोन आकड्यांमधील अंतर पाहून विद्यार्थिनींचे डोळे विस्फारले. तसे ते १९६० च्या दशकापासून अनेकांचे विस्फारले आहेत, आणि तरीही समुद्रातून काढलेल्या युरेनियमवर आजपर्यंत एकही अणुवीज केंद्र चाललेले नाही. त्यामुळे ‘किती आहे’ हा आमचा प्रश्न नाही. एक किलो युरेनियमसाठी किती पाणी लागेल आणि ते कोण हलवणार, हा प्रश्न आहे.

११ ऑक्टोबर २०२३

आज फक्त पंपाचा हिशेब केला. तो फळ्यावर करून घेतला, म्हणजे पुढे कोणी ‘पंप लावू या’ असे म्हणू नये.

एक किलो युरेनियमसाठी, पाण्यातले सगळेच्या सगळे हाती लागले असे गृहीत धरले तरी, ३ लाख ३ हजार घनमीटर पाणी लागते. हे पाणी गाळणीतून ढकलण्यासाठी १० मीटर उंचीएवढा दाब पुरेल असे मानले आणि पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर सुमारे १२,१०० युनिट वीज लागते. पण सगळे युरेनियम कधीच हाती लागत नाही. एक तृतीयांश मिळाले तरी ते पुष्कळ म्हणावे लागेल आणि मग विजेचा आकडा ३६,००० युनिटांवर जातो. आता दुसरी बाजू पाहू. आपल्या दाबयुक्त जड पाण्याच्या भट्ट्यांमध्ये नैसर्गिक युरेनियमच्या एका टनापासून साधारण ६,७०० मेगावॅट-दिवस उष्णता मिळते. २९ टक्के कार्यक्षमतेने एका किलोमागे सुमारे ४६,६०० युनिट वीज होते. म्हणजे मिळणाऱ्या विजेचा पाऊण हिस्सा नुसता पंपच खाणार आणि रसायने, तंतू, शुद्धीकरण, इंधन बनवणे हे सगळे उरलेल्या पाव हिश्शात बसवावे लागणार.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा प्रकार आहे. एकीने विचारले, “मग समुद्रानेच पाणी हलवले तर?” उत्तर तिनेच दिल्यामुळे मला पुढे काही सांगावे लागले नाही. आमच्याकडे दिवसातून दोनदा भरती येते आणि तिचे बिल येत नाही.

२६ ऑक्टोबर २०२३

आधी झालेल्या कामाचे वाचन पूर्ण झाले. त्यातून जे हाती लागले ते येथे थोडे सविस्तर लिहून ठेवते, कारण आमच्या प्रकल्पाचा प्रत्येक निर्णय त्यावर उभा आहे.

ब्रिटनमध्ये हारवेल येथील शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या विषयावर लेख प्रसिद्ध केला. त्या काळात टायटॅनियमच्या जलयुक्त ऑक्साइडवर सर्वांची भिस्त होती. जपाननेही आधी हाच मार्ग धरला आणि १९८० च्या दशकात शिकोकू बेटावरील निओ येथे पंपाने पाणी फिरवणारा प्रायोगिक प्रकल्प चालवून पाहिला. पण ऑक्साइडचे कण झिजतात, त्यांची पकड कमी असते आणि पाणी ढकलण्याचा खर्च चुकत नाही. दरम्यान जर्मनीत यूलिश येथे दोनशेहून अधिक प्रकारचे शोषक तपासले गेले आणि त्यांतून अमिडॉक्झिम हा रासायनिक गट पुढे आला. या गटात एका कार्बनवर नायट्रोजनचे दोन हात असतात, त्यांतील एका हाताला ऑक्सिजन जोडलेला असतो आणि युरेनियमभोवतीचा कार्बोनेटचा वेढा फोडण्याइतकी ओढ त्याच्यात असते.

वेढा हा शब्द मी मुद्दाम वापरला. समुद्रात युरेनियम एकटे फिरत नाही. युरॅनिल आयनाला (दोन ऑक्सिजन जोडलेल्या युरेनियमला) तीन कार्बोनेट चिकटलेले असतात आणि त्यावर कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन येऊन बसलेले असतात. एका लिटरमध्ये कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम, तर युरेनियम ३.३ मायक्रोग्रॅम, म्हणजे वजनाने सव्वा लाख पट गर्दीतून नेमका एक जण ओळखून बाहेर काढायचा आहे.

जपानच्या अणुऊर्जा संशोधन संस्थेच्या ताकासाकी येथील गटाने पॉलिएथिलीनच्या तंतूंवर किरणांच्या साहाय्याने अमिडॉक्झिमचे कलम केले. कलम हाच शब्द योग्य आहे. आंब्याच्या रोपाला फांदी बांधावी तसे जुन्या तंतूच्या अंगावर नव्या साखळ्या फुटतात. १९९९ ते २००१ या काळात त्यांनी आओमोरी प्रांतातील मुत्सु-सेकिने समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे ७ किलोमीटर आत, ३५० किलो कापड पिंजऱ्यांत भरून लोंबत ठेवले आणि एकूण एक किलोहून थोडे अधिक ‘यलोकेक’, म्हणजे युरेनियमचे पिवळे कच्चे ऑक्साइड, मिळवले. एका महिन्यात एका किलो कापडावर साधारण अर्धा ग्रॅम युरेनियम बसत होते. खर्चाचा हिशेब मांडला तेव्हा त्यांतील सर्वांत मोठा वाटा रसायनांचा नव्हता, तर पिंजरे, तरंगती चौकट आणि नांगर यांचा निघाला. म्हणून त्यांनी पुढे तंतूंची वेणी केली आणि ओकिनावाच्या उबदार पाण्यात ती समुद्रतळाला बांधून समुद्रशेवाळासारखी उभी सोडली. तेथे महिन्याला किलोमागे दीड ग्रॅम मिळाले. पाणी १० अंशांनी गरम असले तर पकड सुमारे दीडपट होते, हेही त्यांनीच दाखवले. कोकणच्या पाण्याला ही गोष्ट अनुकूल आहे.

आपल्या देशातले काम तर शेजारचेच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निःक्षारीकरण विभागाने इलेक्ट्रॉनांच्या झोताने पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंवर असेच कलम करून ते तुर्भ्याच्या खाडीत आणि तारापूरच्या परिसरात बुडवून पाहिले. हाती आलेले युरेनियम मिलिग्रॅमच्या घरातले होते. अलीकडे, २०२२ मध्ये, पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतील संशोधकांनी धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळीवर काम प्रसिद्ध केले आहे. ते पदार्थ फार वेगाने पकडतात. पण ते भुकटीच्या रूपात असतात आणि भुकटी खाडीत लोंबत ठेवता येत नाही.

आम्हांला पटलेले उदाहरण अमेरिकेचे आहे. २०१८ मध्ये पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि आयडाहोतील एक छोटी कंपनी यांनी साध्या ॲक्रिलिक सुतावर प्रक्रिया करून, सिक्विम येथील समुद्राच्या पाण्याच्या टाकीत ते ठेवून, सुमारे ५ ग्रॅम यलोकेक काढून दाखवले. इलेक्ट्रॉनांचा झोत आमच्याकडे नाही. ॲक्रिलिक सूत मात्र बाजारात मिळते.

८ नोव्हेंबर २०२३

दिवाळीच्या गर्दीत सूत आणले. दुकानदार त्याला लोकर म्हणतो, पण वेष्टनावर शंभर टक्के ॲक्रिलिक असे छापलेले आहे. पांढरे घेतले, रंगीत सुताचा रंग प्रक्रियेत उतरला तर आमची रंगाची चाचणी बाद होईल. अमिडॉक्झिम तयार करण्यासाठीची हायड्रॉक्सिलअमाइनची प्रक्रिया झाल्यावर सुताला फिकट पिवळी झाक आली. थोडेसे सूत फेरिक क्लोराइड या लोहाच्या क्षाराच्या विरळ द्रावणात बुडवले, तेव्हा प्रक्रिया केलेला धागा तांबूस तपकिरी झाला आणि साधा धागा धुतल्यावर जवळजवळ होता तसा राहिला. अमिडॉक्झिम तयार झाले आहे एवढे यावरून समजते. किती झाले, हे समजत नाही.

२० नोव्हेंबर २०२३

जागा ठरवली. रत्नागिरीजवळ काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, तेथे मुखाजवळच्या एका धक्क्यापाशी. पावसाळ्यानंतर नदीचे गोडे पाणी अजून वर तरंगते आहे. भरतीला क्षारता (किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार) ३४ लागली, तर ओहोटीला २१. पाण्यातील युरेनियम क्षारतेबरोबर चढते-उतरते, त्यामुळे आमच्या सुताला दिवसातून दोनदा पूर्ण जेवण आणि दोनदा अर्धे जेवण मिळणार. बाहेर खुल्या समुद्रात टाकले असते तर ही अडचण नव्हती, पण नौका भाड्याने घेण्याइतका निधी नाही.

२७ नोव्हेंबर २०२३

आज पौर्णिमा. उधाणाची भरती साधून पहिला पिंजरा सोडला. पिंजरा म्हणजे स्टीलच्या जाळीची चौकट असून तीत तीन पिशव्या आहेत. दोहोंमध्ये प्रक्रिया केलेले २०-२० ग्रॅम सूत आहे, तिसरीत तेवढेच साधे. साधे सूत तुलनेसाठी आहे, कारण गाळ चिकटून त्यातलेच युरेनियम मोजले जाण्याची शक्यता असते.

धक्क्यावर ज्या तांडेलांनी दोर बांधून दिला, त्यांनी गाठ आवळता आवळता विचारले, “मॅडम, हे जैतापूरसाठी काय?” प्रश्न साहजिक आहे. अणुवीज प्रकल्पासाठी ठरलेले जैतापूर याच जिल्ह्यात आहे आणि युरेनियम हा शब्द येथे कोणी सहज उच्चारत नाही. मी सांगितले की, त्याचा आणि याचा संबंध नाही. हे युरेनियम या पाण्यात आधीपासूनच आहे, सगळ्या समुद्रात आहे, आणि आम्ही त्यातले चिमूटभरही नाही, कणभर काढणार आहोत. मग किरणांचे विचारले. एका लिटर समुद्राच्या पाण्यातील पोटॅशियममधून दर सेकंदाला सुमारे १२ विघटने होतात, तर त्याच पाण्यातील युरेनियम-२३८ ची पंचवीस सेकंदांत एक होते. हे मी आकड्यांनिशी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे मिठाचंच जास्त.” अगदी मिठाचे नव्हे, पण मिठाच्या सोबत्याचे खरे, याहून चांगले मला सांगता आले नसते.

२६ डिसेंबर २०२३

पिंजरा काढला. दोर हाताला गुळगुळीत लागत होता, म्हणून आत सगळे ठीक असेल असे वाटले. वर आल्यावर पाहतो तो जाळीची भोके दिसत नव्हती. बाहेरून राखाडी गाळाचा लेप, त्यावर शेवाळाची मऊ हिरवी लव आणि चौकटीच्या कोपऱ्यांत हरभऱ्याएवढी बार्नाकले, म्हणजे चिकटून राहणारे कवचाचे जीव, बसलेली. एका पिशवीच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढा खेकडा सूत चिमट्यात धरून बसला होता आणि पाण्याबाहेर आल्यावरही त्याने ते सोडले नाही. सूत आत पांढरे राहिले नव्हते. प्रक्रिया केलेले सूत तपकिरी झाले होते (लोह!), आणि साधे सूत मळकट.

गोड्या पाण्याने तीनदा धुऊन, गाळ जेवढा निघेल तेवढा काढून, पिशव्या प्रयोगशाळेत आणल्या. एका विद्यार्थिनीने बार्नाकले खरवडताना हात कापून घेतला. पुढच्या वेळी जाड हातमोजे.

९ जानेवारी २०२४

मोजणीचे निकाल आले. विहिरीच्या पाण्यातील युरेनियम मोजण्याचे प्रकाशदीप्तीचे यंत्र जवळ उपलब्ध होते, पण आमचे द्रावण हायड्रोक्लोरिक आम्लातले आहे आणि क्लोराइड युरॅनिलची दीप्ती दाबून टाकते, म्हणून ते बाहेरच्या प्रयोगशाळेत आयसीपी-एमएस या सूक्ष्म प्रमाणातील मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर मोजून घ्यावे लागले. पाण्याचे नमुने ठीक आले : भरतीचे लिटरमागे ३.० मायक्रोग्रॅम, ओहोटीचे १.८. सूत मात्र ठीक आले नाही. प्रक्रिया केलेल्या सुतावर ग्रॅममागे ९ मायक्रोग्रॅम, साध्यावर ०.६. म्हणजे पकड आहे, पण जपानी कापडाच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी.

दोष शोधायला दोन दिवस लागले आणि तो माझा निघाला. अमिडॉक्झिम झालेले सूत समुद्रात सोडण्यापूर्वी ऊन अल्कलीत ठेवावे लागते, म्हणजे ॲक्रिलिकचे मूळचे, उरलेले नायट्राइल गट पाण्याला मित्र होतात, तंतू फुगतो आणि पाणी आतपर्यंत जाते. ही पायरी मी ‘वाढीव सुधारणा’ समजून वगळली होती. आमचे सूत आतून कोरडेच होते; महिनाभर समुद्रात राहून त्याने फक्त कातडी भिजवली. विद्यार्थिनींना मी हे तसेच सांगितले, आणि वहीतही तसेच लिहिले आहे.

२५ जानेवारी २०२४

पुन्हा पौर्णिमा, पुन्हा उधाण, दुसरा पिंजरा. या वेळी सुताला अल्कलीचे संस्कार केले आहेत. ते हाताला थोडे बुळबुळीत लागते आणि भिजल्यावर आधीच्या दीडपट जाड दिसते. दोन पिशव्यांपैकी ‘अ’ ही काळ्या प्लॅस्टिकच्या सच्छिद्र आवरणात आहे, ‘ब’ उघडी. अमेरिकन प्रयोगांत असे दिसले आहे की, उजेडात तंतूंवर सजीवांचा थर बसला तर पकड सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटते आणि अंधारात हा त्रास बराच कमी होतो. आपल्या उन्हात ते किती खरे ठरते, ते पाहायचे.

१४ फेब्रुवारी २०२४

पिंजरा पाण्यात आहे, तोवर कागदावरचे एक काम उरकले. भाभा केंद्राच्या प्रयोगांमुळे तारापूर डोक्यात होतेच. तेथील ३ आणि ४ या संचांची क्षमता प्रत्येकी ५४० मेगावॅट आहे, इंधन नैसर्गिक युरेनियम आणि थंड करायला समुद्राचे पाणी. मग त्या थंड करणाऱ्या पाण्यातूनच युरेनियम का घेऊ नये? ते पाणी केंद्र तसेही हलवतेच, त्यामुळे पंपाचा खर्च वेगळा धरावा लागत नाही. शिवाय ते बाहेर पडताना कोमट असते.

एका संचातून सुमारे १,३०० मेगावॅट उष्णता समुद्रात जाते. पाणी ७ अंशांनी तापू द्यायचे ठरवले, तर सेकंदाला साधारण ४६ घनमीटर पाणी लागते. वर्षाला सुमारे १४५ कोटी घनमीटर. त्यात ४.८ टन युरेनियम असते. आणि हा संच ८५ टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला त्याला सुमारे ८६ टन युरेनियम लागते. म्हणजे दारातून वाहून जाणाऱ्या पाण्यातले सगळे, अगदी शेवटच्या कणापर्यंत, काढून घेतले तरी गरजेचा अठरावा हिस्सा भागतो.

हा आकडा पाहून मी थोडी खट्टू झाले, हे खरे. कल्पना फार सुबक वाटत होती. पण त्यातून एक गोष्ट लख्ख झाली. माणसाने उभारलेली एवढी मोठी पाण्याची हालचालसुद्धा येथे अपुरी पडते, म्हणून नांगर टाकायचा तो खुल्या समुद्राच्या प्रवाहातच.

२६ फेब्रुवारी २०२४

पिंजरा ३२ दिवसांनी काढला. तांडेलांनी दोर ओढता ओढता विचारले, “काय लागलं काय सुताला?” जाळ्याला मासळी लागते त्याच अर्थाने. ‘ब’ पिशवी आधीसारखीच शेवाळलेली. ‘अ’वर गाळ होता, पण हिरवी लव जवळजवळ नव्हती. वरच्या काळ्या आवरणावर मात्र कालवांची पिल्ले बसली आहेत, आणखी दोन महिने ठेवले असते तर तांडेलांचाच फायदा झाला असता.

१८ मार्च २०२४

निकाल. ‘अ’ वर ग्रॅममागे ११८ मायक्रोग्रॅम, ‘ब’ वर ८४. उजेड आणि शेवाळ यांनी जवळपास २९ टक्के नेले. मुत्सुच्या कापडाच्या तुलनेत ‘अ’ चौथ्या हिश्शाच्या किंचित खाली आहे. घरगुती भांड्यात केलेल्या प्रक्रियेला आणि गढूळ खाडीला हे शोभण्यासारखे आहे, असे मी म्हणेन.

दोन्ही पिशव्यांचे मिळून ४ मिलिग्रॅम युरेनियम झाले. इंधन म्हणून त्याची वीज सुमारे १९० वॅट-तास; ९ वॅटचा एक दिवा २१ तास जळेल. सूत धुण्यासाठी आणि द्रावण आटवण्यासाठी आम्ही गरम तव्यावर त्याहून कितीतरी पट वीज जाळली आहे. विद्यार्थिनींनी तो आकडाही काढायचा हट्ट धरला आहे, काढू द्यावा.

आता ज्या आकड्याने माझे गृहीतक हलवले, तो लिहिते. पिशवीचे तोंड सुमारे ३० बाय २० सेंटिमीटर. भरती-ओहोटीचा सरासरी वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर धरला तर ३२ दिवसांत तेवढ्या तोंडासमोरून जवळपास ५० हजार घनमीटर पाणी गेले. त्यात सुमारे १५० ग्रॅम युरेनियम होते. ‘अ’ पिशवीने त्यातले २.३६ मिलिग्रॅम धरले, म्हणजे त्रेसष्ट हजारांत एक. ऑक्टोबरमध्ये मी फळ्यावर लिहिले होते की पाणी कोण हलवणार हाच प्रश्न आहे. तो प्रश्न समुद्राने सोडवला, आणि नुसता सोडवला नाही, तर गरजेच्या हजारो पट पाणी आमच्या दारात आणून ओतले. अडले ते सुतापाशी. पाणी तंतूच्या अंगावरून जाते, पण आत शिरायला, कार्बोनेट सोडायला आणि गटाला चिकटायला युरेनियमला वेळ लागतो. त्या वेळात इतर गिऱ्हाइके जागा अडवतात.

त्या गिऱ्हाइकांतले मोठे नाव व्हॅनेडियम. समुद्रात ते लिटरमागे साधारण दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे युरेनियमहून कमीच आहे. पण ‘अ’ पिशवीवर ते ग्रॅममागे २६० मायक्रोग्रॅम निघाले. अमिडॉक्झिमची त्याच्यावरची माया युरेनियमहून जास्त आहे. वाईट हे की, विरळ आम्लाने युरेनियम सुटते, व्हॅनेडियम सुटत नाही. ते सोडवायला तीव्र आम्ल लागते आणि तीव्र आम्लात अमिडॉक्झिमच मोडते. निवडणुकीत पडलेला उमेदवार खुर्ची सोडत नाही, आणि ओढून काढला तर खुर्ची मोडते.

२५ मार्च २०२४

शिमगा. धक्क्यावर कोणी नाही, पालख्या नाचताहेत. ‘अ’ पिशवीतले सूत विरळ आम्लाने धुऊन, पुन्हा अल्कलीत ठेवून दुसऱ्या वापरासाठी तयार आहे. वाळल्यावर वजन १९.३ ग्रॅम भरले, तंतू तुटून ०.७ ग्रॅम गेले.

१ एप्रिल २०२४

तेच सूत दुसऱ्यांदा खाडीत सोडले. काळे आवरण खरवडून पुन्हा तेच वापरले.

४ मे २०२४

जवळपास ३२ दिवसांचा मेळ घालून परवा, २ तारखेला, सूत काढले होते. मोजणी या वेळी लवकर मिळाली. ग्रॅममागे ९७ मायक्रोग्रॅम. घट १८ टक्के, आणि तीही पाणी फेब्रुवारीपेक्षा ऊबदार असताना. म्हणजे खरी घट याहून मोठी समजायला हवी.

एकच प्रश्न उरतो तो पुनर्वापराचा, म्हणून खर्च आज मांडला. आमच्या पद्धतीने सूत, रसायने धरून किलोमागे सुमारे २,००० रुपये पडतात. मजुरी, नौका, नांगर यांचा खर्च धरलेला नाही. ग्रॅममागे ११८ मायक्रोग्रॅम या हिशेबाने एक किलो युरेनियमसाठी साडेआठ टन सूत एकदा बुडवावे लागते. सूत एकदाच वापरून टाकले तर किलोला १ कोटी ७० लाख रुपये. अजिबात न झिजता दहा वेळा चालले तर १७ लाख. यंदा जानेवारीत जागतिक बाजारात युरेनियम ऑक्साइडचा भाव पाउंडाला १०० डॉलरच्या वर गेला होता, हे गेल्या अनेक वर्षांतले तेजीचे टोक. तरीही तो एका किलो युरेनियमला साधारण २१-२२ हजार रुपये होतो.

आमचे आकडे कुटिरोद्योगाचे आहेत, त्यावरून तंत्रज्ञानाचा निकाल लावू नये. २०१२ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या अंदाजानुसार जपानी पद्धतीने पाउंडाला ५६० डॉलरच्या आसपास पडणारा खर्च तेथील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या नव्या तंतूंमुळे ३०० डॉलरवर येऊ शकत होता. त्या वर्षी बाजारभाव पाउंडाला ५० डॉलरच्या जवळपास होता. म्हणजे अंतर सहापटीचे. ते अंतर तंतूची क्षमता दुप्पट करून जेवढे कमी होईल, तेवढेच, माझ्या मते, तंतू चार वेळांऐवजी वीस वेळा वापरता आल्याने होईल. आणि संशोधनलेखांच्या मथळ्यांत मात्र क्षमतेचेच विक्रम असतात, कारण पंधराव्या वापराची मोजणी करायला दीड वर्ष लागते आणि तेवढी मुदत कोणत्याच प्रबंधाला नसते. आमच्याही नाही.

२४ मे २०२४

तिसरा वापर आठ मेच्या अमावास्येला सुरू केला होता. महिना भरण्याआधीच, सोळाव्या दिवशी, आज पिंजरा वर घेतला. कालपासून दक्षिणेकडून लांबलांब लाटा येऊ लागल्या आहेत, खाडीचे तोंड ढवळून निघाले आहे, आणि एक जूनपासून मासेमारी बंद होणार असल्याने तांडेलांना नौका वर ओढायच्या आहेत. त्यानंतर दोराकडे पाहायला कोणी असणार नाही. पावसात नदीच्या गोड्या पाण्याने क्षारता घसरेल ते वेगळेच.

सूत आता गडद तपकिरी आहे आणि आम्लात धुतले तरी ते पिवळसरपणावर येत नाही. वजन १८.४ ग्रॅम. अर्ध्या मुदतीचे असले तरी मोजून घेणार आहोत. विद्यार्थिनींचे प्रबंध जूनमध्ये जमा होतील आणि वही माझ्याकडे राहील. पिंजऱ्याची चौकट गंज खरवडून, धक्क्याजवळच्या खोपटात उलटी टांगली आहे. तांडेलांनी दोर मात्र काढून नेला, कारण तो त्यांचा होता. नारळी पौर्णिमेनंतर नव्या दोरासाठी मागणी लिहायची आहे.